वर्कहाऊसच्या हातगाडीचा दोर

मित्रांनो, माझ्या चाकांचा खडखडाट ऐकला की गावातली म्हातारी माणसं घाईघाईने दाराला कडी लावत. मी एक जुनी हातगाडी आहे, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या एका वर्कहाऊसची, म्हणजे निराधार गरिबांना आत ठेवून राबवून घेणाऱ्या सरकारी घराची. सुताराने मला मन लावून घडवलं होतं. सफरचंदं वाहायला मिळतील असं मला वाटलं होतं. नशिबी आली ती थकलेली माणसं.

ईनॉस आणि थर्झा पॉबजॉय यांनाही मीच आणलं. ईनॉसचे गुडघे गेले आणि शेतावरचं काम सुटलं. गरिबांना मदत देणाऱ्या साहेबांनी घरपोच मिळणारा पाव बंद केला. "खायचं असेल तर आत या," म्हणाले. त्या दोघांना उपासाची भीती नव्हती. भीती होती ती ताटातुटीची, आणि ती दारातच झाली.

"पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे!" दरवान ओरडला.

"अहो, चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा," थर्झा म्हणाली.

"मग झाला की पुष्कळ!" असं म्हणून तो हसला मेला.

मधल्या भिंतीला एकच दार. बायकांनी धुतलेले सदरे घेऊन दर शनिवारी दरवान मला त्यातून पलीकडे न्यायचा. थर्झा धुणं धुवायची, ईनॉस पलीकडे सदरे वाटायचा. पहिल्याच शनिवारी तिने मला ओढायच्या दोराला गाठ मारली, पेंढी बांधताना मारायची तशी. जन्मभर ईनॉस गहू कापत पुढे गेला होता आणि ती मागून पेंढ्या बांधत आली होती. त्याने गाठ लगेच ओळखली आणि सोडली. मोकळा दोर पाहून थर्झा म्हणाली, "आहे गं बाई, धडधाकट आहे!" तेव्हापासून हाच त्यांचा निरोप.

मला मात्र दर शनिवारी धाकधूक वाटायची. एखाद्या दिवशी गाठ तशीच राहिली तर?

आणि राहिली. ईनॉसची उजवी बाजू लुळी पडली होती. खाटेवरून तो माझ्याकडे बघत होता, पण हात उचलत नव्हता. मी परत निघाले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तो जिवंत आहे हे मला ठाऊक होतं, पण तिला सांगू कशी?

गाठ पाहून थर्झा बायकांवर देखरेख करणाऱ्या मेट्रनकडे धावली. "मेट्रनबाई, माझा नवरा..."

"शुक्रवारी साहेबांची बैठक आहे. तेव्हा विचार."

थर्झाने मला धरलं आणि मळक्या कपड्यांसकट त्या दारातून पलीकडे ढकललं.

"ए म्हातारे, कोंडून घालतील तुला!" दरवान मागे धावला.

"कोंडा मेल्यांनो! आधी बघू तर द्या!"

ईनॉसला पाहून ती मटकन खाली बसली. "जीव घेतलास रे माझा," म्हणत रडायला लागली. मग तिने त्याचा डावा हात गाठीवर ठेवला आणि दोघांनी मिळून ती सोडली.

थर्झाला अंधारकोठडीत टाकलं. माझा दोर काढून मला लोखंडी साखळी लावली. साखळीला कुठली गाठ बसते! कोठडीतून सुटल्यावर ती दर शनिवारी त्या साखळीवरून हात फिरवायची आणि हळूच विचारायची, "आहे ना गं तो?"

तो होता. मग एका शनिवारी तो नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हाही तिने मला विचारलं.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, चाकांना तेलही नको. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. दोन म्हाताऱ्या माणसांना कुणी वेगळं करत असेल, तर तुम्ही गप्प बसू नका.