गुड फ्रायडेची दवंडी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी हातघंटा आहे. माझी लाकडी मूठ सहा दवंडीवाल्यांच्या तळव्यांनी झिजली आहे. एर्लेनफुर्ट हे जर्मनीतलं आमचं नदीकाठचं चिमुकलं गाव. तीनशे उंबरे, एक पूल, बिअरची एक भट्टी आणि भांडायला दोन चर्च. चौकात मी वाजले की खिडक्या उघडत. उद्या बिअरसाठी पाणी भरायचं आहे, आज ओढ्यात कोणी घाण करू नये, ही आमची सर्वांत महत्त्वाची दवंडी. मोडणाऱ्याला गाव वर्षभर नावं ठेवी. मला त्याचा फार गर्व होता.

१९४५ सालच्या गुड फ्रायडेला तो गर्व पणाला लागला. पलीकडच्या टेकडीवर अमेरिकन रणगाडे येऊन ठेपले होते. शरणागतीच्या निशाणांनी गाव पांढरं दिसलं नाही तर तीन वाजता तोफा सुरू होतील, असा त्यांचा निरोप होता. पण नगरभवनात आपल्याच सैन्याचा एक कप्तान बारा शिपाई घेऊन बसला होता. ज्याच्या खिडकीत पांढरं निशाण दिसेल त्याला दारातच फासावर चढवीन, अशी दवंडी द्यायचा हुकूम त्याने बाल्थाझारला दिला.

बाल्थाझार माझा सहावा धनी. म्हातारा, एका पायाने अधू. त्याने चौकात हुकूम जसाच्या तसा वाचला. मग मला पुन्हा वाजवून म्हणाला, "आणि उद्यापासून नळ बंद. ज्यांच्या चादरी धुवायच्या राहिल्यात, त्यांनी आजच धुऊन वाळत घालाव्यात."

कोणी हललं नाही. आमच्याकडे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात दोरीवर धुणं घालत नाहीत. जी घालील तिच्या घरातलं माणूस जातं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कप्तान शहरातला, त्याला ते माहीत नव्हतं. बाल्थाझारचं म्हणणं गावाला लगेच उमगलं, पण सुरुवात कोण करणार? प्रत्येकीचं कोणीतरी आघाडीवर होतं.

दोन वाजून गेले. माझा तर जीव टांगणीला लागला. शेवटी भट्टीवाल्या क्रेसेन्झने अंगणात चादर झटकली आणि दोरीवर टाकली. तिचा एकुलता एक लेक रणांगणावर होता. मग शेजारणीने टाकली, मग समोरचीने. अर्ध्या तासात सगळी अंगणं पांढरी झाली.

कप्तानाला संशय आला. त्याने क्रेसेन्झला हटकलं, तर ती म्हणाली, "उद्या पाणी तुम्ही भरून देणार का, कप्तानसाहेब?" तो आपल्या शिपायांपैकी शेजारच्याच खोऱ्यात वाढलेल्या एकाकडे वळला.

"गुड फ्रायडेला इथं कपडे धुतात?"

शिपायाने चादरींकडे पाहिलं, मग बाल्थाझारकडे. मी म्हाताऱ्याच्या हातातच होते; चुकून वाजेन या धास्तीने मी माझा लोलक घट्ट धरून ठेवला.

"घरोघरी वेगळी रीत असते, साहेब," शिपाई म्हणाला.

तीन वाजले. एकही तोफ उडाली नाही. चार वाजता रणगाडे पुलावर आले, तेव्हा कप्तान मागच्या वाटेने पसार झाला होता.

जूनमध्ये क्रेसेन्झच्या घरी पत्र आलं. तिचा लेक गेला होता. चादरीनेच त्याचा बळी घेतला, असं विहिरीवरच्या बायका कुजबुजल्या. बाल्थाझारने मला पेटीत घातलं आणि तीन आठवडे दवंडी दिली नाही. मग एका सकाळी क्रेसेन्झच त्याच्या दारात आली आणि तिने पत्र त्याच्यापुढे धरलं.

"तारीख वाच. फेब्रुवारीची आहे. मी चादर घातली तेव्हा त्याला जाऊन सहा आठवडे झाले होते." तिने पत्राची घडी घातली. "ऊठ आता. परवा बिअर काढायची आहे, आणि तू गप्प बसल्यापासून ओढ्यात काय काय चाललंय ते बघवत नाही."

त्या दिवशी मी वाजले तेव्हा बाल्थाझार रडत होता. सगळ्यांनी ते पाहिलं, कोणी चिडवलं नाही.

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. मुलांनी वाजवू नये म्हणून माझा लोलक लोकरीने बांधला आहे. दर आठवड्याला मला पुसून लखलखीत करतात. भट्टीच्या अंगणात गुड फ्रायडेला अजूनही एक चादर वाळत असते, पण ती कशासाठी असं विचारलं तर संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला सांगता येत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू नुसती पुसून ठेवू नका. माझी लोकर सोडा, वर्षातून एकदा मला चौकात न्या, आणि पहिली चादर कोणी दोरीवर टाकली ते मोठ्याने सांगा.