शकूचा फोटो

घाटकोपरच्या क्लासमध्ये पहिल्याच रविवारी नंदकुमार सरांनी सगळ्यांना विचारलं, फोटोग्राफी कशासाठी शिकायची आहे. खाडीतले फ्लेमिंगो, लेकीचं बालपण, लडाखची ट्रिप, सगळ्यांची उत्तरं गोडगोड. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "राग आलाय म्हणून." सर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी कशाला गंमत करू? माझं डोकं तेव्हाही फिरलेलं होतं, आजही आहे.

माझी आई शकू भांडुपला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. सव्वीस वर्षं. मागच्या डिसेंबरात गेली. नाहूरच्या घरी तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, फुलं आणि गेलेल्या माणसाचा फोटो, एवढं तर लागतंच. माझा धाकटा भाऊ आकाश म्हणाला, "ताई, तू बाकीचं बघ, फोटोचं मी करतो."

केलं त्याने. मुलुंडच्या कुठल्याशा स्टुडिओतून ही एवढी मोठी फ्रेम आणली. आत एक गोरीपान बाई. गुलाबी ओठ, तुळतुळीत गाल, हनुवटीवरची खूण गायब. माझी आई काळी होती. सावळी वगैरे नाही, काळी. सांगायला कसली आलीय लाज? पण घरात शिरणारा प्रत्येक जण हात जोडायचा आणि म्हणायचा, किती छान आलाय फोटो. आकाश मान डोलवत होता. वाटलं, एक ठेवून द्यावी.

मग गयाबाई आल्या. आईच्या पॅकिंगच्या टेबलावरच्या, तिच्या शेजारी वीस वर्षं उभं राहून डबे भरलेल्या. फुलं घेऊन टेबलापाशी गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग वळून मला म्हणाल्या, "दर्शना, शकूचा फोटो कुठाय गं?"

"मावशी, हाच की," आकाश म्हणाला.

"मला नको शेंडी लावू. ही कोण बया आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गयाबाईंनी फुलं फ्रेमला वाहिली नाहीत, मेणबत्तीच्या बाजूला ठेवली आणि खाली बसून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी आकाशला धुऊन काढलं. तो ऐकून घेत होता, मग एकदम म्हणाला, "तुझ्याकडे आहे ना दुसरा? दे मग. लगेच बदलतो."

मी फोन उघडला. आईचे दोनशेच्या वर फोटो. आई चहा पिताना, आई मेथी निवडताना, आई माझ्या लॅबच्या कोटात. आणि एकाही फोटोत आईचा रंग नाही. माझ्या फोनला ब्यूटी मोड लावलेला, कायमचा. लावला कोणी? मी. आई म्हणायची, नको गं, मी काळी येते, आणि मी म्हणायची, थांब, आत्ता गोरी करते. स्टुडिओवाल्याला शिव्या घालायला मी कोण लागून गेले? त्याने एकदाच केलं, मी दोनशे वेळा.

आई आधी अशी फोटोला लाजायची नाही. आकाशच्या लग्नात फोटोग्राफर सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा मागे व्हा, फ्रेम काळी होतेय." सगळे हसले. आकाश हसला. मीही हसले. आई मागे झाली. त्यानंतर कोणी कॅमेरा काढला की तिचा हात वर यायचा.

तर म्हणून क्लास. ठरवलं होतं, आईचा एक तरी खरा फोटो शोधीन आणि तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला तोच भिंतीवर लावीन. नाहीच मिळाला तर निदान दुसऱ्या कोणाच्या आईची अशी वाट लागू देणार नाही. लॅबमधून सुटले की कॅमेरा घ्यायचा आणि भांडुपला जायचं, आईबरोबर कामाला असलेल्या बायकांकडे. कोणाकडे आई दिसेल असा जुना फोटो नव्हता. मी त्यांचेच फोटो काढत बसायची. क्लासमध्ये सर म्हणाले, "एक्स्पोजर छान आहे, पण चेहरे एडिटमध्ये थोडे उजळ कर." मी म्हटलं, "का?" सर म्हणाले, "लोकांना आवडतं." मी म्हटलं, "मग लोकांना सांगा." पुढच्या रविवारी सरांनी माझ्या फोटोंवर बोलणंच टाळलं. राहिलं.

गयाबाई गुडघे दुखतात म्हणून मुलाकडे कल्याणला गेल्या होत्या, त्या नोव्हेंबरात परत आल्या. स्मृतिदिनाला तीन आठवडे राहिले होते. त्यांना खिडकीशी बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला, तर यांचा हात वर.

"नको गं बाई, मी कोळसा येते."

माझा हात खाली आला. एवढी चीड आली की कॅमेऱ्याचं झाकण लावून टाकलं. गयाबाईंना वाटलं मी रुसले.

"रागावू नको. तुझी आई बी असाच हात धरायची, आकाशच्या लग्नात सगळे हसले तेव्हापासून. माझ्या फोनमधे आहे बघ."

त्यांचा फोन जुना, काच तडकलेली, त्यात ना ब्यूटी ना फ्युटी. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काढलेला फोटो. पुढ्यात डबा उघडा आणि आईचा पंजा कॅमेऱ्यासमोर, अर्धा चेहरा झाकलेला. उरलेल्या अर्ध्यात एक डोळा, आठी आणि हनुवटीवरची खूण. आणि रंग तिचा, तिचाच. मी तिथेच रडले.

मुलुंडच्या स्टुडिओत जाऊन मी ती जुनी फ्रेम काउंटरवर ठेवली. म्हटलं, "ही तुमची बाई, आमची नाही."

स्मृतिदिनाला नवा फोटो लावला. आकाश म्हणाला, "ताई, चेहऱ्यावर हात आलाय. लोक काय म्हणतील?"

"तो हात आपण वर करायला लावलाय," मी म्हटलं. "तू हसला होतास, मी हसले होते. आता रोज बघायचा."

आकाशने खुर्ची घेतली आणि त्यानेच फ्रेम सरळ केली.

गयाबाई आल्या. या वेळी फुलं घेऊन थेट फोटोपाशी गेल्या, कोणाला काही विचारलं नाही. फुलं वाहिली, काचेवरच्या त्या पंजाला बोटं लावली आणि म्हणाल्या, "हात खाली घे गं शकू. आता कोणी हसत नाही."