बनुबाईचा अंगठा

डॉक्टरसाहेब, तुम्ही तिला काहीच विचारलं नाहीत. सव्वीस वर्षांची बाई गर्भपाताच्या कागदावर आपल्या हाताने सही करून तुमच्या टेबलासमोर उभी होती, आणि तुम्ही तिच्या डोक्यावरून मागे बघत म्हणालात, "घरचं पुरुषमाणूस कोण आलंय?"

स्वप्नालीने मान खाली घातली. उत्तर दिलं ते तिच्या सासूने, बनुबाईने.

"पुरुषमाणूस मुंबईला गेलं, आन् तिथनं वर गेलं. वरची एसटी कुठनं सुटती ते सांगा, घिऊन येते."

दाराशी उभी असलेली नर्स हसली. तुम्ही हसला नाहीत. नियम आहे, म्हणालात. कुठला नियम, ते सांगितलं नाहीत. सहीखाली 'नातेवाईक' अशी एक ओळ छापलेली होती, तिच्यावर बोट ठेवलंत. बनुबाईने शाईत अंगठा बुडवला आणि उठवला. रेशनपासून बँकेपर्यंत, जिथे मागितला तिथे अंगठा देऊनच आयुष्यभर तिची कामं झाली होती. हेही होईल, असं तिला वाटलं.

बनुबाई माण तालुक्यातली, मेंढरांमागे जन्म गेलेली. तानाजी तिचा एकुलता एक. मुंबईच्या बाजारात पोती वाहायचा. रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली गेला, तेव्हा त्याच्या बायकोला, स्वप्नालीला, चौथा महिना होता. पदरात एक लहान मुलगी. तेराव्याला सासरा नाथाजी भावकीसमोर म्हणाला की तानाजी पोटी परत येतोय, नावसुद्धा तेच ठेवायचं. भावकीने माना डोलावल्या. ज्या पोटाबद्दल हे चाललं होतं ते आत भाकऱ्या थापत होतं.

पुढे काही दिवसांनी शेळ्यांना पाणी दाखवताना स्वप्नाली सासूला म्हणाली, "आत्या, मला ह्ये न्हाई ठिवायचं. जल्माआधीच समद्यांनी त्येला मालकांचं नाव दिलंय. म्या काय रोज मेलेल्या मानसाला पाजायचं?"

बनुबाई डोणीत पाणी ओतत राहिली. मनातल्या मनात तीही त्या जिवाला तान्या म्हणूनच हाक मारत होती. दुसऱ्या दिवशी मात्र तिनेच भाकरी बांधली, नवऱ्याला काही न सांगता सुनेला घेऊन एसटीत बसली.

दहिवडीच्या डॉक्टरने सरकारी तपासणीवाले मागे लागतील म्हणून हात झटकले. कराडला आज या, उद्या या झालं. पाचवा महिना सरला, तेव्हा दोघी सांगलीत तुमच्या दारात आल्या.

अंगठा दिल्यावर त्यांना वाटलं, आता झालं. पण नाथाजीला सुगावा लागला. आधी त्याच्या ओळखीच्या पुढाऱ्याचा तुम्हाला फोन आला, मग त्याचा. लगेच तुमची भाषा बदलली. सासूची संमती कागदावर आहे, तर सासऱ्याची हरकतही ऐकावी लागेल, म्हणालात. घरात एकमत करून या. कायद्याने दिलेले चोवीस आठवडे भरत आले होते आणि ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायची हिंमत नसली की ते काम असं कॅलेंडरला सांगायचं.

त्या हसणाऱ्या नर्सनेच दोघींना विश्रामबागेतल्या वकीलबाईंचा पत्ता दिला. ऋचा वकील, वयाने तरुण. तिने समजावून सांगितलं की गरोदरपणात नवरा वारला तर चोवीस आठवड्यांपर्यंत कायदा वाट देतो. दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि सही फक्त त्या बाईची. सज्ञान बाईला ना सासू लागते ना सासरा. घटनेच्या एकविसाव्या कलमात माणसाचं जगणं सन्मानाचं म्हटलंय, आणि स्वतःच्या शरीराचा निर्णय त्यातच येतो, असं सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. चोवीस उलटले की मात्र कोल्हापूरला हायकोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. डॉक्टरांचं मंडळ बसेल, आणि निकाल काय लागेल याची खात्री नाही.

बनुबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग माझा अंगठा कशापायी घेतला?"

ऋचा जरा घुटमळली. "तुम्ही दिलात म्हणून, काकू. तो नको होता. त्यामुळं घरच्यांना विचारायचं असतं, असं दिसायला लागलं."

सुनेला मदत करायला म्हणून बनुबाईने जे दार उघडलं होतं, त्यातूनच नाथाजी आत आला होता.

परतीच्या रिक्षातून उतरून ती सरळ तुमच्या केबिनमध्ये शिरली, मागोमाग स्वप्नाली.

"सायब, माझा अंगठा रद्द करा."

तुमचा चेहरा उजळला, हे तुम्ही नाकारू नका. म्हणालात, "म्हणजे आता तुमचीपण हरकत आहे?"

"हरकत न्हाई. परवानगीबी न्हाई. ती द्येनारी मी कोन?" मग तिचा आवाज खाली आला. "माझं पोर गेलंय. त्येचं कायतरी मागं ऱ्हावं, आसं मला वाटत न्हाई व्हय? लय वाटतं. आमच्या मालकास्नी वाटतं त्येच्यापरास जास्त वाटतं. म्हनूनच मला इचारू नका. प्वाट तिचं हाय."

स्वप्नालीने तिचा दंड धरला. बनुबाईने तो सोडवून घेतला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित पुढचं बोलता आलं नसतं.

तुम्ही त्या 'नातेवाईक' ओळीवर आडवी रेघ मारलीत. पेनाचं टोपण लावलंत, पुन्हा काढलंत. बसा म्हणालात. नातू मागायचा हक्क टेबलावर ठेवून ती बाई तशीच उभी राहिली.

"आता हिची एकटीची सही ऱ्हायली. न्हाई म्हनायचं आसंल तर लिवून द्या, वकीलबाई कोल्हापूरला नेत्याल. हिची सही पुरती का न्हाई? सांगा, सायब."