पेन्सिलीची टिंबं

"हाताने गळा दाबला तर नातीच्या भाषेत एक शब्द, आणि दोरीने आवळला तर दुसराच," मास्तरीण म्हणाली आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. "आपल्यात बघ, सगळ्याला आपलं 'मारलं'."

"बरं झालं सांगितलंस. आता मरताना लक्षात ठेवीन," मी म्हटलं.

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत आम्ही दोघी रोज समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतो. टोकं धरायची, झटकायचं, चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं. दिवसभर असं जवळ येत राहिल्यावर माणसाच्या पोटातलं काही लपून राहत नाही. मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे. शाळेत शिकवणं सोडाच, ती स्वतःसुद्धा फार शिकलेली नाही. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात डोकं खुपसून बसते म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव ते. मी तिला तोंडावर वेडी म्हणते. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वर आणि मी खाली, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

वेड लागलं ते नातीपायी. मुलगा परदेशात गेला, तिथलीच बायको केली, आणि त्यांच्या पोरीला आपल्या भाषेतलं 'आजी' सोडून एक अक्षर येत नाही. फोनवर ती पोर घडाघडा काहीतरी सांगायची, हातवारे करायची, हसून लोळायची, आणि मग मुलगा सांगायचा, "ती म्हणतेय, शाळेत मजा आली." एवढ्या बडबडीचं एवढंच? एकदा असा फोन झाल्यावर मास्तरीण खाली माझ्याकडे आली. म्हणाली, "माझी नात मला दुसरंच कुणीतरी सांगतंय गं. तेही गाळून गाळून." आणि ढसाढसा रडली. मी आपलं पाणी दिलं.

दुसऱ्याच दिवशी बाई भाषा शिकायला निघाली. क्लासला जायला सवड कुठली? पण पुस्तकं आयती मिळत होती. सुट्टीवर आलेले पाहुणे वाचून झालेली पुस्तकं खोलीतच टाकून जातात. चष्मा, चार्जर काही राहिलं तर काउंटरवर जमा होतं, पुस्तकाची कोण चौकशी करतो? ती चादरींच्या गाठोड्यातून आमच्याकडे खाली येतात. त्यातली नातीच्या भाषेतली मास्तरीण उचलायची. आता सुट्टीवर आलेली माणसं काय वाचतात? खून! एक पैसेवाली म्हातारी, तिचं मोठं घर, टपून बसलेले नातेवाईक, आणि दहा-बारा पानं होतात न होतात तोच गालिच्यावर मुडदा.

"अगं, त्या चिमुरडीशी तू बोलणार तरी काय?" मी विचारलं. "विष कुठे लपवलंस, म्हणून?"

"लहान मुलांची पुस्तकं कुणी टाकून जात नाही. दुकानात विचारलं, तिथे नाहीत. मी काय करू?"

आधी तिने शब्दांच्या याद्या केल्या. घोकल्या, मशीनच्या दारावर चिकटवल्या. वाफेने कागद सुटले आणि शब्दही. मग तिने आपली पद्धत बसवली. एकच प्रकरण तीनदा वाचायचं. पहिल्यांदा नुसतं, अडेल तिथे अडू द्यायचं. दुसऱ्यांदा डिक्शनरी घेऊन. तिसऱ्यांदा डिक्शनरी लांब ठेवून. डिक्शनरीत जो शब्द बघावा लागला त्याच्यापुढे पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. विसरला आणि पुन्हा बघावा लागला की आणखी एक. टिंब देताना ती स्वतःवरच चिडायची, पण द्यायची.

"यादीतला शब्द एकटा असतो," मला समजावून सांगायची. "एकटा आलेला पळून जातो. गोष्टीत त्याच्यासोबत माणूस असतो, म्हणून तो राहतो. आता 'हातमोजे' मी जन्मात विसरणार नाही. माळ्याने घातले होते."

तरी एक शब्द तिला छळायचा. प्रत्येक पुस्तकात यायचा आणि प्रत्येक वेळी निसटायचा. डिक्शनरीतल्या त्याच्या पानाला इतक्यांदा हात लागला होता की ती टेबलावर टाकली की तिथेच उघडायची. शब्दापुढे टिंबांची मुंग्यांसारखी रांग लागली होती.

"अगं, लोढणं!" ती कपाळावर हात मारून घ्यायची. "लोढणं, गळ्यात पडलेलं ओझं. एवढं साधं, पण डोक्यात शिरेल तर शपथ!"

"मुडद्यांनी भरलंय ते डोकं. जागा कुठली?" मी म्हणायचे.

असं तिने काही वर्षं चालवलं. आम्ही सगळ्या थट्टा करायचो, पण हळूहळू तिचं पान उलटणं भरभर व्हायला लागलं, ते काही आमच्या नजरेतून सुटलं नाही. मुलाला मात्र तिने पत्ता लागू दिला नव्हता. तो बायको-मुलीला घेऊन येणार होता, तेव्हा त्याला चकित करायचं होतं.

ती मंडळी आली तेव्हा मी वरच होते, माझ्या घरातल्या दोन खुर्च्या पोचवायला गेले होते. पोर आईच्या मागून डोकावत होती, पुढचा दात पडलेला. मास्तरीण गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. ओठ हलत होते, तोंडातल्या तोंडात जुळवाजुळव चालली होती. मग तिने मोठ्याने, अगदी स्पष्ट, त्या भाषेत एक वाक्य म्हटलं.

सून फिस्सकन हसली. मुलगा तर भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागला. पोर घाबरून आईच्या पायांना बिलगली.

"आई! काय म्हणालीस कळलं का तुला? 'जागचं हलायचं नाही, हात दाखव!' पोलीस म्हणतात असं, चोराला!"

"मला तिचे हात बघायचे होते," मास्तरीण म्हणाली.

"हॉटेलात ऐकून चार वाक्यं पाठ केलीस वाटतं? अशी येत नसते गं भाषा. आणि कशाला डोकं शिणवतेस या वयात? हे घे." त्याने आपला मोबाईल तिच्यापुढे धरला. "तू आपल्यात बोल, हा तिच्यात बोलतो."

मास्तरीण मोबाईलशी बोलली. मोबाईल कुठल्याशा बाईच्या गोड आवाजात पोरीशी बोलला. पोरीने उत्तरही दिलं, पण मोबाईलकडे बघून. त्यानंतर मास्तरणीने मुला-सुनेपुढे त्या भाषेत तोंड म्हणून उघडलं नाही. मला असा संताप आला त्या मुलाचा! आईने कशासाठी केलं, कधी केलं, एका शब्दाने विचारलं नाही मेल्याने. चार वाक्यं म्हणे!

पोर मात्र गोड होती. दुसऱ्या दिवशी तो मोबाईल बाजूला टाकून आपणहून आजीच्या कुशीत शिरली आणि बोटाने दाखवून दाखवून शब्द शिकवायला लागली. गुदगुल्या करायची आणि शब्द सांगायची. उचकी लागली की उचकीचा. जिभेने हिरडी चाचपून पडलेल्या दाताचा. आजी म्हणायची, चुकायची, पोर खिदळायची. इतक्या पुस्तकांत यातला एकही शब्द मास्तरणीला भेटला नव्हता. जिन्यात गाठून तिने मला सगळे म्हणून दाखवले. तिचा चेहरा तसा फुललेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

ती मंडळी निघायची त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. टेबलाशी मुलगा, सून, मधे पोर, आणि कोपऱ्यात मी. मास्तरीण वाढत होती. मुलगा-सून आपसात त्यांच्या भाषेत बोलत होती. आवाज चढवून नाही, कुजबुजत नाही, अगदी सहज. मला अर्थातच ओ की ठो कळत नव्हतं. मुलाने एकदा छताकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, मग नजरेनेच खोली मोजल्यासारखी केली. सुनेने काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले, मानेने आईकडे खूण केली आणि एक वाक्य बोलला.

मास्तरणीचा हात थांबला. आमटीचा डाव माझ्या ताटावर तसाच राहिला, थेंब थेंब गळत. मी वर बघितलं तर चेहऱ्यावर काही नाही. तिने डाव भांड्यात ठेवला आणि मुलाकडे वळली.

"अजून वाढू का रे?"

"नको आई, पोट भरलं," तो म्हणाला.

सकाळी मी पोरीला खाऊ द्यायला वर गेले तेव्हा मुलगा आईचा हात हातात घेऊन बसला होता. "तुझी काळजी वाटते गं," तो आपल्या भाषेत म्हणत होता. "एकटी, जिने चढतेस. हे घर विकून टाकू. तुला चांगल्या ठिकाणी ठेवतो. तुझ्या वयाची माणसं असतात, डॉक्टर असतो. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"घर राहू दे," मास्तरीण म्हणाली. "पोरीला यायला जागा नको?"

"विचार तर कर, आई."

"केला." मग तिने नातीचा मोजा शोधून दिला, बॅगेची चेन लावून दिली, आणि टॅक्सी वळेपर्यंत खाली उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चादरी धरल्यावर मी तिला सोडलं नाही. "जेवताना काय म्हणाला तो?"

"सुनेचं निम्मं निसटलं. ती भरभर बोलते. पण हा आपल्या वळणाने बोलतो ना, सावकाश. शब्द न् शब्द कळला." तिने चादर झटकली. "आणि शब्द सगळे माझ्या ओळखीचे. घर. वारस. विकणं. म्हातारी अजून किती वर्षं काढील. सगळं त्याच पुस्तकांतलं गं. नातीला जवळ बोलवायला माझ्याकडे एक शब्द नव्हता, आणि हे सगळं तयार होतं."

"आणि शेवटी? मान हलवून म्हणाला ते?"

ती चालत माझ्याजवळ आली, टोकाला टोक लावलं. "म्हणाला, जिवंत आहे तोवर हे लोढणं आपल्या गळ्यात."

मग माझा तोल गेला. "आणि तू वाढू का म्हणून विचारलंस? मी असते तर ताट भिरकावलं असतं! मला कळतंय सगळं, एवढं तरी सांगायचंस की तोंडावर!"

"आणि मग? लाजेने तो इकडे फिरकला नसता. माझी पोर कुठून बघणार होते मी?" ती दुसरी चादर उचलायला गेली. "धर."

आता फोन येतात, पण कधीतरी. घराचा विषय निघतो, ती तेच उत्तर देते, मग फोन आणखी लांबतो. पोरीने शिकवलेल्या शब्दांची ती रोज उजळणी करायची. पण पाहुण्यांच्या पुस्तकांत कुणाला उचकी लागत नाही आणि कुणी कुणाला गुदगुल्या करत नाही. ते शब्द पुन्हा भेटलेच नाहीत, एकेक करून गेले. परवा घडी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "गुदगुल्यांना काय म्हणायची गं पोर?"

"मला विचारतेस? डिक्शनरीत बघ की."

"डिक्शनरीतला नको," ती म्हणाली. "ती म्हणायची तसा हवाय."

त्याच दिवशी गाठोड्यातून नवं पुस्तक निघालं. जेवणाच्या सुट्टीत ते घेऊन ती बसली. मी समोर डबा खात होते. वाचता वाचता एका ओळीवर तिचं बोट थांबलं. सवयीने डावा हात डिक्शनरीकडे गेला आणि ती आपली आपण त्या पानावर उघडली, टिंबांच्या रांगेवर. तिने पेन्सिल उचलली. काही वेळ तशीच धरून बसली. मग खाली ठेवली, डिक्शनरी मिटली आणि पान उलटलं.

"काय झालं पुढे?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"अजून काही नाही," मास्तरीण म्हणाली. "म्हातारी जिवंत आहे."