दुसऱ्या गाडीतली मुलं

पहारेकऱ्यानं कुसरिनीच्या पिशवीत हात घालून केळीच्या पानात बांधलेली भाताची पुडकी बाहेर काढली आणि टेबलाच्या कडेला मांडून ठेवली.

"बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, ताई."

"मुलांचं आहे हो. कुठंतरी कोपऱ्यात बसून खातील. सांडणार नाहीत."

"सगळे असंच म्हणतात. आत उपाहारगृह आहे की."

उपाहारगृहाचे भाव तिनं फाटकाबाहेरच्या फलकावर वाचले होते. तिनं रिकाम्या पिशवीची घडी घालून ती काखेत धरली.

"चला," ती मुलांना म्हणाली, "आधी बघून तर घेऊ. भूक काय, रोजचीच आहे."

वेनिंग तिसरीत होती. तिच्या वर्गाची सहल इथं, या विज्ञान केंद्रात, येऊन गेली तेव्हा ती आली नव्हती. आलेल्या मुलींनी तिला सांगितलं होतं, की तिथं एक घुमट आहे, त्यात खुर्चीवर मागं रेलून पडायचं आणि भर दुपारी रात्र होते. तिनं घरी हे एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. तिनं हट्ट केला असता तर कुसरिनीला चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. गप्प बसलेल्या मुलीचं काय करायचं? कुसरिनी सुराबाया शहरातल्या एका लाँड्रीत किलोवर इस्त्री करायची. तिनं रविवारचेही गठ्ठे घ्यायला सुरुवात केली. तिचा नवरा प्रप्तो भाड्यानं मोटारसायकल चालवायचा. आज सकाळी तिघांना फाटकाशी सोडताना तो म्हणाला होता, "मला कशाला तिकीट? मला काय त्यातलं कळतंय? दुपारपर्यंत दोन-चार भाडी मारतो आणि न्यायला येतो."

आणि तिकिटाच्या खिडकीशी कळलं, की घुमटाचं तिकीट वेगळं आहे.

"त्यात काय असतं?" वेनिंगनं विचारलं. तिला माहीत होतं काय असतं ते.

"अंधार असतो नुसता," कुसरिनी म्हणाली. "अंधार आपल्याकडे फुकट मिळतो. वीज गेली की."

वेनिंग हसली. आईला बरं वाटावं म्हणून हसल्यासारखी हसली.

आत बरंच काही बंद होतं. पाणी वर चढवणाऱ्या सायकलीवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती. पण दोरी ओढून स्वतःलाच खुर्चीसकट वर उचलून घ्यायची एक जागा चालू होती, आणि पाच वर्षांच्या दानूनं तिथून उतरायचं नाव घेतलं नाही. वेनिंगनं एका चकचकीत गोळ्यावर हात ठेवला तेव्हा तिचे केस ताठ उभे राहिले आणि कुसरिनीला हसू आवरेना. तास-दीड तास असा गेला. मग दानू जमिनीवर बसला.

"इबू, भूक."

"थोडं थांब, राजा. बापाक आले की बाहेर खाऊ."

"आत्ता भूक."

त्याच वेळी समोरच्या दालनातून मुलांचा एक मोठा घोळका आला. प्रत्येकाच्या छातीवर पिवळा गोल कागद चिकटवलेला होता. मागून पिवळं जाकीट घातलेली कॉलेजातली मुलगी खोक्यांची गाडी ढकलत आली आणि भिंतीशी बसलेल्या मुलांना जेवणाची खोकी वाटत सुटली. दानू भिंतीशीच बसला होता. तिनं त्याच्याही मांडीवर खोकं ठेवलं.

"अगं बाई, तुझा बिल्ला कुठं पडला?" असं म्हणत तिनं त्याच्या छातीवर एक पिवळा कागद चिकटवला. एक वेनिंगला चिकटवला. मग कुसरिनीकडे वळली. "तुम्ही दुसऱ्या गाडीतल्या का? दोन अनाथाश्रमांची मुलं एकत्र केलीत ना, मला कोण कुठलं काही कळेनासं झालंय."

दानूनं खोकं उघडलं होतं. आत भात होता, तळलेली कोंबडी होती, केळं होतं. कोंबडीचा तुकडा त्याच्या तोंडातही गेला होता.

"हो," कुसरिनी म्हणाली. "दुसऱ्या गाडीतल्या."

"मग तुम्हीही घ्या ना एक. आणि जेवण झालं की इथंच थांबा हं, सगळ्यांना घुमटात न्यायचंय."

मुलगी गाडी ढकलत पुढं गेली. वेनिंगनं छातीवरच्या कागदाला बोट लावलं, पण तो काढला नाही. ती दानूच्या शेजारी बसली आणि तिनं आपलं खोकं उघडलं. दानूनं मोठ्यानं हाक मारली, "इबू, तू पण बस!" कुणी वळूनही पाहिलं नाही. इबू म्हणजे आई, पण कुठल्याही मोठ्या बाईलाही तेच म्हणतात; तिथल्या सगळ्याच मुलांनी आश्रमाच्या बायकांना इबू-इबू करून हैराण केलं होतं.

हे सगळं जिच्या खर्चानं चाललं होतं ती बाई मुलांमधून फिरत होती. हप्सारी तिचं नाव. वयानं पन्नाशीची, साध्या सुती कपड्यांतली, आणि कुणालाही न लाजता जमिनीवर बसणारी. तिनं दानूचं तोंड स्वतःच्या रुमालानं पुसलं. मग वेनिंगसमोर मांडी घातली.

"नाव काय तुझं, बाळा?"

"वेनिंग."

"हा धाकटा भाऊ का? बरं झालं, दोघं एकत्र तरी आहात." तिनं वेनिंगच्या केसांवरून हात फिरवला. "आईची आठवण येते का गं?"

वेनिंगनं चमचा खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं.

कुसरिनी हाताच्या अंतरावर होती. मॅडम, घोटाळा झालाय, हिची आई मीच, एवढंच म्हणायचं होतं. ती खाली वाकली आणि दानूच्या चपलेचा पट्टा लावू लागली. पट्टा लावलेलाच होता.

"येते," वेनिंग म्हणाली.

"कशी होती ती?"

वेनिंगनं खोक्यातलं केळं हातात घेतलं.

"पावसाळ्यात माझा शाळेचा सदरा वाळायचा नाही. मग ती त्याच्यावर इस्त्री फिरवायची आणि गार व्हायच्या आत माझ्या अंगात घालायची. शाळेत जाईपर्यंत ऊब राहायची."

हप्सारीबाईंचे डोळे भरून आले. "आणि रागवायची?"

"रागवायची. एकदा हँगरनं मारलं पण." वेनिंगनं केळ्याचं साल सोलायला घेतलं. "मग रात्री रडायची. तिला वाटायचं मी झोपलेय."

कुसरिनीनं पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

"फार गुणी होती गं तुझी आई," हप्सारीबाई म्हणाल्या. उठताना त्यांनी कुसरिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे उपकार आहेत हो. दुसऱ्याची मुलं सांभाळायची म्हणजे सोपं नाही."

हात धुवायच्या जागी कुसरिनीनं वेनिंगला गाठलं. नळ चालू ठेवून ती दबक्या आवाजात म्हणाली, "एवढं कशाला सांगत बसलीस?"

"त्यांनी विचारलं."

"म्हणून मला मारून टाकलंस?"

"तूच म्हणालीस दुसऱ्या गाडीतल्या म्हणून." वेनिंगनं ओले हात फ्रॉकला पुसले. "खोटं नाही सांगितलं मी काही. सगळं खरंच होतं."

कुसरिनीनं नळ बंद केला. 'चल, निघू या' हे तिच्या ओठांवर आलं होतं. बाहेर घुमटाच्या दाराशी रांग लागत होती. वेनिंगनं दानूचा हात धरला आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

खुर्च्या खरोखरच मागं रेलत होत्या. कुसरिनी मुलांच्या मागच्या ओळीत बसली. वेनिंगच्या शेजारी डोक्याला निळा रुमाल बांधलेली, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी होती. दिवे मंद झाले तशी ती वेनिंगकडे कलली.

"तू दुसऱ्या गाडीतली नाहीयेस. दुसऱ्या गाडीतून मी आलेय."

वेनिंगनं छातीवरच्या कागदावर तळहात ठेवला.

"ती मागं बसलीय ती तुझी आई ना? तुझं नाक अगदी तिच्यासारखं आहे."

"सांगणार आहेस?"

"मला काय करायचंय?" मुलगी खुर्चीत नीट रेलली. "पण ते शर्टाचं-बिर्टाचं सांगितलंस ना, तसं सांगायचं नसतं. मग त्या दर वेळी तुलाच शोधत येतात आणि पुन्हा तेच विचारतात. आठवत नाही म्हणायचं. मग सोडतात."

"तुला आठवत नाही?"

"आठवत नाही म्हणायचं," मुलगी पुन्हा म्हणाली.

मग अंधार झाला आणि डोक्यावर एकदम इतके तारे उगवले, की सगळ्या घुमटातून एकच श्वास आत ओढल्याचा आवाज आला. दानू पहिल्या पाच मिनिटांतच झोपला. कुसरिनीनं वर फारसं पाहिलं नाही. तिला पुढच्या खुर्चीच्या कडेवरून वेनिंगचं कपाळ आणि उघडं राहिलेलं तोंड दिसत होतं, ती ते बघत राहिली. वेनिंग सगळं विसरली होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. दिवे लागले तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या तिनं वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर कापडी फलक लावून मुलांना ओळीत उभं करत होते. फोटो काढायचा होता. कुसरिनीनं झोपाळलेल्या दानूला कडेवर घेतलं आणि ती पिवळ्या जाकिटातल्या मुलीजवळ गेली.

"ह्याचं पोट बिघडलंय. मी ह्या दोघांना घेऊन पुढं होते."

"एकट्या? गाडीशिवाय?" हे हप्सारीबाईंनी ऐकलं. त्यांनी फोटो थांबवायला सांगितला. "थांबा, मी येते फाटकापर्यंत. ह्याला असं रस्त्यावर घेऊन उभ्या राहणार का तुम्ही?"

"नको मॅडम, मी जाईन..."

"काही बोलू नका."

रस्त्यापलीकडच्या झाडाखाली प्रप्तो मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यांना पाहताच त्यानं गाडी चालू केली आणि वळसा घालून तो नेमका समोर येऊन थांबला. दानू जागा झाला. "बापाक!" त्यानं हात पसरले.

भाड्यानं गाडी चालवणाऱ्यालाही पोरं बापाकच म्हणतात. हप्सारीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुम्ही बोलावलंय ह्यांना?" त्यांनी कुसरिनीला विचारलं.

प्रप्तोनं बायकोकडे पाहिलं. कुसरिनी रस्त्याकडे बघत होती. त्यानं वेनिंगकडे पाहिलं, मग तिच्या छातीवरचा पिवळा कागद वाचला. त्यावर 'अनाथ मुलांची सहल' असं छापलेलं होतं.

"हो, मॅडम," तो म्हणाला. "बोलावलंय."

हप्सारीबाईंनी पर्समधून एक मोठी नोट काढली. "मुलांना जपून ने हं. घाई करू नकोस. आईबाप नाहीत त्यांना."

प्रप्तोनं उजवा हात पुढं केला, डावा त्याच्या कोपराला लावला आणि मान लववून नोट घेतली. त्यानं दानूला पुढं टाकीवर घेतलं. प्रप्तोच्या मागं वेनिंग बसली, तिच्यामागं कुसरिनी. हप्सारीबाई हात हलवत होत्या. वेनिंगनंही हात हलवला.

रस्त्यात एक पूल लागला. पूल ओलांडल्यावर कुसरिनीनं पुढं झुकून वाऱ्यातून सगळं सांगितलं. जेवणाच्या खोक्यापासून घुमटापर्यंत, सदऱ्याचंसुद्धा. हँगरचं सांगितलं नाही.

"आणि मला भाडेवाला कुणी केलं?" प्रप्तोनं विचारलं.

"मी एक शब्द बोलले नाही."

"तेच म्हणतोय मी."

"हात तुम्ही पुढं केलात."

"मग काय करायचं होतं? तिच्यासमोर पोरीला खोटं पाडायचं?"

कुसरिनी मागं सरकून बसली. पुढं सिग्नल लाल होता. ट्रकच्या आणि बेमो नावाच्या छोट्या प्रवासी गाड्यांच्या गर्दीत प्रप्तोनं गाडी थांबवली आणि पाय जमिनीला टेकवले. जरा वेळानं तो हसला. त्याला असं हसता यायचं, घरात कुणाचं काही बिनसलं की.

"बरं, वेनिंग. आई गेली ते कळलं. मी कशानं गेलो? ट्रकखाली आलो की तापानं?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"काय?"

"तुमचं कुणी विचारलंच नाही, बापाक. आईचंच विचारलं."

"अस्सं." त्यानं दानूच्या डोक्यावरची टोपी नीट केली. ती नीटच होती. "आणि विचारलं असतं, कसा होता म्हणून, तर काय सांगितलं असतंस?"

वेनिंगनं त्याच्या पाठीवरून हनुवटी उचलली. ती आठवू लागली. कुसरिनीनं मागून तिच्या कमरेला हळूच बोट टोचलं, काहीतरी बोल म्हणून, पण वेनिंगच्या ते लक्षातच आलं नाही. ती खरोखर विचार करत होती.

दिवा हिरवा झाला. मागच्यांचे भोंगे सुरू झाले, एक बेमोवाला शिवी देऊन बाजूनं निघून गेला, तरी प्रप्तो मान मागं वळवून तसाच थांबला होता.