स्टेअरिंगमधला स्पंज

ती लाल टर्बो गाडी अंकिताला बघताक्षणी आवडली, तिथंच पंचाईत झाली. कॉलेजात असल्यापासून तिला असली पळणारी गाडी हवी होती. आता कडेगावात तिचा गुरांचा दवाखाना बरा चालला होता, आणि मलकापुरात जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या चुलतभावानं, जयराजनं, आपणहून फोन केला होता. "आक्का, तुज्यासाठीच ठेवलीया. जुनी हाय, पन घोडा हाय."

शेजारी जयराजला बसवून तिनं गाडी हायवेनं कोयनेच्या पुलापर्यंत पिटाळली. टर्बोनं असा रेटा दिला की ती मोठ्यानं हसली.

यार्डात परत आल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि नुसती चावी फिरवली. एअरबॅगचा दिवा अशा वेळी क्षणभर लागून विझतो. हा लागलाच नाही.

"बल्ब गेला आसंल," जयराज म्हणाला.

तिनं बेल्ट ओढला. तो अर्ध्यात अडकला. बॉनेट उघडलं, तर बोल्टांचा रंग पान्यानं खरवडलेला आणि खालच्या पत्र्यावर वेल्डिंगचे फोड.

"जरा घासलीवती कुटं तरी."

"घासल्याव वेल्डिंग करत्यात व्हय रं?"

ती पुन्हा आत बसली. स्टेअरिंगच्या मधोमध अंगठा दाबला, तर कव्हर आत गेलं. आपल्या जुन्या गाडीतून तिनं स्क्रूड्रायव्हर आणला. जयराज दारात आडवा झाला. "आक्का, खराब करू नगंस." तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि कडेला टोक घालून कव्हर उचकटलं. ते नुसतं चिकटवलेलं होतं. आत एअरबॅग नव्हती. गादीत भरतात तसला पिवळा स्पंज कोंबला होता.

मागच्या वर्षी पेठ नाक्याला ट्रकनं तिच्या गाडीला चेपलं होतं, तेव्हा एअरबॅग उघडली म्हणून ती वाचली. दवाखान्यात पहिला पोचला होता हाच जयराज.

"डॉक्टर काय बोलला ते घरी कुनी सांगितलं रं? फुगा उघडला म्हनून आक्का वाचली, आसं आईला तूच सांगितलंस. आन् मलाच ही गाडी?"

जयराज खाली बघत पुटपुटला, "धंद्यात समदेच करत्यात."

त्यानं वडलांना फोन जोडून तिच्या कानाला लावला. पलीकडून तिचे चुलते लालासाहेब म्हणाले, "अंके, तुला नगं तर घिऊ नगंस. पन भावाचं वाटोळं करू नगंस. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

"आवं काका, मी मेले आसते तर तीबी घरातच ठिवली आसती का?" तिनं फोन जयराजच्या अंगावर टाकला.

"ऱ्हाऊ दे मग," जयराजही आता चिडला. "पाटनचं गिऱ्हाईक येतंय दुपारी."

हे ऐकून अंकितानं मोबाईलवर स्पंजाचे, वेल्डिंगचे फोटो काढले, गाडीची चावी मुठीत धरली आणि फाटकाशी खुर्ची ओढून बसली. जयराजनं विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या. ती हलली नाही.

दुपारी पृथ्वीराज नावाचा फौजी बायकोला घेऊन आला. सुट्टीवर होता. अंकितानं त्याला थेट गाडीपाशी नेलं आणि स्पंज दाखवला. तो तिच्याकडे संशयानं बघायला लागला.

"ताई, तुमालाच पायजे आसंल ही. म्हनून आमाला भ्या घालताय."

ज्याच्यासाठी भावाशी वैर घेतलं, तोच असं बोलला. तिचा आवाज चिरकला. "मला पायजेच हुती. लय पायजे हुती. आता तुमी हात घाला आत."

पृथ्वीराजनं हात घातला आणि मूठभर स्पंज बाहेर काढून बायकोला दाखवला. तिनं नवऱ्याची बाही धरली आणि फाटकाकडे चालू लागली. जाताना त्यानं जयराजकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागं सरकला.

अंकितानं चावी जयराजच्या पायाशी टाकली. "समदं माज्या फोटूत हाय. त्या बॅगा घालून मला दाखव, मगच इक. न्हाईतर आरटीओत मी सोता जाते."

जयराजनं गाडी विकली नाही, दुरुस्तही केली नाही. ती यार्डात मागं ताडपत्रीखाली पडून राहिली. पुढं त्याच्या पोरीच्या बारशाला सगळ्या भावकीला बोलावणं गेलं, अंकिताला तेवढं आलं नाही. आईनं डोळ्यांत पाणी आणलं. "जाऊन माफी माग, म्हंजे मिटंल."

"कसली माफी?" अंकिता म्हणाली, आणि ताटावरून उठून हात न धुताच दवाखान्याकडे निघाली.