खळीनं चिकटवलेलं तिकीट

“अहो, कणकेची परात आहे ती माझी! काय भिजत घातलंय त्यात?”

“हळू बोल. माय आत्ताच जरा आडवी झालीय,” आबाराव म्हणाले आणि परातीवर आणखी वाकले.

मी जवळ जाऊन पाहिलं. पाण्यात जुनाट पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि त्यावर बाबासाहेबांचं टपाल तिकीट. आमच्या फळीवरचं. माझ्या सासूबाईंचं, आत्यांचं.

“हे कशाला काढलंत? आत्यांना विचारलं का?”

“विचारून काय करू? तिला दिसतंय व्हय? रविवारी धाराशिवला तिकिटांचं प्रदर्शन हाय. इंद्रजित साहेब म्हणले, पुठ्ठ्यासकट चालत न्हाय. तिकीट मोकळं पायजे, स्वच्छ पायजे.”

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, तेव्हा लेकीनं, श्रावस्तीनं, त्यांना तिकिटांचा अल्बम आणि भिंग आणून दिलं. बाबा रिकामे बसले की चिडचिड करतील, म्हणून. चिडचिड गेली आणि हे खूळ आलं. सगळ्या तुळजापुरात कुणाच्या घरी जुनी पाकिटं आहेत, ते यांना ठाऊक. माझा काटे काढायचा चिमटा गेला, श्रावस्तीच्या शाळेच्या वह्यांतले टीपकागद गेले. पहिल्याच महिन्यात निजामाच्या काळातली दोन तिकिटं मिळाली, तर कडेचे दाते वाकडेतिकडे दिसतात म्हणून यांनी कात्रीनं सरळ कापून टाकले! जन्मभर पत्र्याच्या कडा घासून सारख्या केलेला माणूस, दुसरं काय करणार? इंद्रजित साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “आबाराव, दात्यातच तर सगळं असतं. एक दाता तुटला तरी भाव पडतो.” हे घरी आले ते तोंड एवढंसं करून.

हे इंद्रजित साहेब धाराशिवचे, बँकेतून निवृत्त झालेले. प्रदर्शन तेच भरवतात. यंदा त्यांनी यांना एक पान लावायला दिलं होतं. पानाचं नाव यांनीच ठरवलं, ‘आमच्या घरातली तिकिटं’. थोरले दीर फौजेत होते, त्यांच्या पत्रांवरची सगळी तिकिटं सुटी करून झाली होती. मधला चौकोन मात्र राखून ठेवला होता, या एका तिकिटासाठी.

हे तिकीट पंधरा पैशांचं. ते निघालं त्या वर्षी मामंजी तेव्हाच्या आमच्या गावाहून, तामलवाडीहून, चालत तुळजापूरच्या पोस्टात गेले आणि विकत घेऊन आले. कुणाला पत्र पाठवायला नव्हे. “त्यांच्या तोंडावर काळा शिक्का मारतेत, ते मला बघवायचं न्हाय,” असं ते म्हणायचे. तेव्हा घरात बाबासाहेबांचा फोटो नव्हता. तिकीटच फोटो झालं. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायची, त्रिशरण म्हणायचं आणि आत्यांनी तिकिटाच्या खालच्या कडेला बोट टेकवायचं. पुढं मोठा फोटो आला, मूर्ती आली, आत्यांची नजरही काचबिंदूनं गेली. पण बोट टेकायचं ते तिथंच. खालची कड झिजून मऊ झाली होती आणि मेणाचे थेंब तर किती पडले असतील.

“सुटलं!” आबाराव पुटपुटले.

चिमट्यात धरलेलं तिकीट निथळत होतं. मेण गेलं होतं, अंग उजळलं होतं. यांचा चेहरा असा फुलला होता की मला पुढं बोलवेना. पुठ्ठा उन्हात वाळवून यांनी परत फळीवर ठेवला.

संध्याकाळी आत्या भिंत चाचपत फळीपाशी आल्या. मेणबत्ती मी लावून दिली. त्रिशरण झालं. हात पुढं गेला आणि पुठ्ठ्यावर थांबला. बोट इकडं फिरलं, तिकडं फिरलं.

“आबा, हितलं कुठं गेलं रं?”

“माय, ते... प्रदर्शनात लावायचंय. लई लोक बघतेत.”

“बरं.” आत्यांचं बोट पुठ्ठ्यावरच होतं. “मग म्या कुठं हात लावू?”

“फोटो हाय की मोठा. त्याला लाव.”

“ती काच हाय. गार लागती.” मग त्या हळूच म्हणाल्या, “तुझ्या बापानं ज्वारीच्या पिठाची खळ केलती त्याला. डब्यात पीठ एका भाकरीचं. म्या म्हणलं, त्यातलं कशाला घेता? तर म्हणले, माझ्या वाट्याचं घेतो.”

त्यांनी ओरडायला हवं होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. पण त्या गेल्या आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसल्या. मला असा राग आला यांचा! पानात वाढताना मी भांडी आपटली. यांनी अर्धी भाकर तशीच ठेवली.

रविवारी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात खुडबुड चाललेली. आबाराव गॅसपुढं उभे, हातात पळी, पातेल्यात ज्वारीचं पीठ.

“काय करायलाव?”

“खळ.”

“गुठळ्या झाल्यात नुसत्या. सरका तिकडं.”

खळ मी घोटून दिली. यांनी वाकड्या झालेल्या पुठ्ठ्यावर तिकीट ठेवलं आणि तळहातानं दाबून धरलं, किती तरी वेळ. खाटेवरून आत्यांनी विचारलं, “खळीचा वास कुठून यायलाय?” यांनी पुठ्ठा उचलून फळीवर जागच्या जागी ठेवला.

शेजारच्या वृषालीला आत्यांपाशी बसवून आम्ही धाराशिव गाठलं. यांनी तिथं मला आधी चहाला पाठवलं आणि पान एकट्यानंच लावलं. मी आले तेव्हा इंद्रजित साहेब पानापुढं उभे होते.

“आबाराव, मधली जागा मोकळी कशी? माझ्याकडं आहे की हेच तिकीट, कोरं, मागचा गोंदसुद्धा शाबूत. देतो, लावा.”

“नको साहेब. घरातली तिकिटं लिवलंय वर. दुसऱ्याचं कसं लावू?”

“मग तुमचं आणायचं होतं.”

आबारावांनी खाली बोट दाखवलं. मोकळ्या चौकोनाखाली त्यांच्या जाडजूड अक्षरात लिहिलं होतं: ‘हे तिकीट घरी आहे. आईला संध्याकाळी लागतं.’